पहिला घास उपसणारीचा

१२ ऑक्टोबर

भिंगरे,

फोन का करत नाहीस असं विचारू नकोस. इथे फोन लागतो तो टेकडीवर, आणि टेकडी चढून गेले की बोलायला माझ्यात दम उरत नाही. शिवाय फोनवर तू मला बोलूही देत नाहीस. कागदावर निदान मधे तोंड घालता येत नाही तुला. तेव्हा नीट बसून वाच.

शाळेत नवा हुकूम आलाय. फेब्रुवारीपासून वसतिगृहाच्या माझ्या चुलीवर जे काही शिजेल ते आधी सरकारी प्रयोगशाळेत तपासून पास झालेलं हवं. नाही झालं तर चूल बंद, आणि मुलांना सकाळ-संध्याकाळ गाडीतून येणारी पाकिटं. चांदीच्या रंगाची असतात, वर एका हसऱ्या पोराचं चित्र. फोडायचं, गरम पाणी ओतायचं, ढवळायचं. गाडीवाला नमुन्याला म्हणून एक खोकं ठेवून गेला होता. माझी जाऊ, जिला तू लहानपणी गप्पकाकू हे नाव ठेवलंस, तिनं त्यातलं एक फोडून ढवळलं आणि ती चक्क बोलली. म्हणाली, "हे भिंतीला लावायचं आहे का?"

चवीचं एक वेळ सोडून दे. गेल्या पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा गाडीचं तोंडही दिसलं नाही. दुकानातली पोती संपली. तेव्हा वसतिगृहातली मुलं आपल्या रानातल्या सुकवलेल्या कंदावर राहिली. हेडमास्तर स्वतः माझ्या दारात आले होते, तुमच्या लोकांकडे काही असेल तर बघा म्हणून. आज तेच हेडमास्तर हुकमाचा कागद घेऊन मान खाली घालून उभे होते. मी त्यांना बसायलाही सांगितलं नाही.

धान्य, डाळी, भाज्या तुमच्याकडे आधीच पास झालेल्या आहेत म्हणे. घोडं अडलंय ते आपल्या कंदापाशी. त्याचं नावच कुठल्या कागदावर नाही. आणि कंद नसेल तर ती चूल माझी कसली? मग मी नुसती गाडीची वाट बघत बसणारी बाई.

तू त्याच प्रयोगशाळेत आहेस ना? की नुसत्या बाटल्या धुतेस? काय पाठवायचं, कसं पाठवायचं, ते सांग.

तुझी मावशी


२४ ऑक्टोबर

मावशी,

हे पत्र चुलीजवळ वाचू नकोस. ठिणगी पडेल, आणि मग वस्तीभर सांगत फिरशील की भाचीचं उत्तरच आलं नाही.

बाटल्या धुवायला आमच्याकडे वेगळा माणूस आहे, कळलं? मी तपासणी करते. तुझं पत्र वाचून मला इतका आनंद झाला की मी ते जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींना वाचून दाखवलं (गप्पकाकूचं वाक्य सगळ्यांना पाठ झालंय). अगं, किती सोपं काम आहे हे! कंद एकदा पास झाला की त्याचं नाव कायमचं आमच्या कागदावर चढेल. मग कुणाची हिंमत आहे तुझी चूल विझवायची?

आता नीट ऐक. नमुना पाठवायचा तो जमिनीतून निघेल तसाच. धुऊ नकोस, सोलू नकोस, कापू नकोस, वाळवू नकोस. काही म्हणजे काही करू नकोस. तुझा हात सगळ्यात आधी कोयतीकडे जातो, म्हणून बजावून सांगते आहे. नियम असा की कच्चा माल कच्चाच तपासतात. जाड पिशवीत घाल, तोंड शिवून टाक. आमच्या आवक खिडकीवर नावगाव काढून टाकतात आणि नुसता आकडा चिकटवतात, म्हणजे कुणाचा नमुना कुणाचा आहे हे आम्हाला कळूच नये. वशिला चालत नाही इथे, भाचीचासुद्धा नाही.

मला तो कंद अजून आठवतो. पांढऱ्याशुभ्र चकत्या, तिखटमीठ लावलेल्या. आणि तुमचा तो खेळ! जिनं ओढ्यातून टोपली उपसली तिनं पहिला घास खायचा, आणि बाकी सगळ्यांनी हात धुऊन तिच्या तोंडाकडे बघत बसायचं. मी विचारायची, "मावशी, मेलीस का?" आणि तू डोळे पांढरे करून मागे पडायचीस. आई म्हणते, तू तेव्हाही अशीच नाटकी होतीस.

लवकर पाठव.

भिंगरी


९ नोव्हेंबर

भिंगरे,

घे तुझे कंद. जमिनीतून निघाले तसे पिशवीत घातलेत. माती झटकायला हात शिवशिवत होता, तोही आवरला. गप्पकाकू माझ्याकडे बघत राहिली. पाहुण्यांकडे न धुतलेली भांडी पाठवावीत तसं वाटलं मला. पण तू शिकलेली, तू सांगितलंस, म्हणून ऐकलं.

काप पाडून राख चोळायला आणि भिजवायला तुमच्याकडे माणूस असेलच. जिथे बाटल्या धुवायला वेगळा माणूस ठेवतात, तिथे कंद भिजवायला नसेल का? तुमच्या शहरात ओढा नाही ही एक अडचण आहे, पण शहाण्या लोकांनी काहीतरी सोय केली असणार. तरी सांगून ठेवते: पाणी वाहतं पाहिजे. कडूपणा पुरता निघून जाईपर्यंत घाई करायची नाही, बोटानं दाबून बघायचं, जिभेच्या टोकाला लावून बघायचं. चुणचुणलं की परत पाण्यात.

आणि ज्यानं उपसला त्यानंच पहिला घास खायचा. तो खेळ नाही गं, वेडे. जो भिजवतो त्यालाच माहीत असतं त्यानं घाई केली की नाही. मग त्याच्याच पोटात आधी जायला नको का?

हे पत्र पिशवीतच घालते, म्हणजे वेगळं तिकीट नको.

मावशी


५ डिसेंबर

मावशी,

कसं सांगू ते कळत नाही. सरळच सांगते. कंद नापास झाला. नुसता नापास नाही. "विषारी. मानवी आहारास अयोग्य." असा शेरा आहे. तो आकडा तुझ्याच पिशवीचा होता हे मला शेरा लिहून सही होऊन गेल्यावर कळलं. तपासणी मी केली नाही, शेजारच्या टेबलावर झाली.

आणि आज, आज गं, आवक खिडकीवरच्या बाईनं मला तुझं पत्र आणून दिलं. पिशवीत निघालं म्हणून बाजूला काढून ठेवलं होतं, नावगाव असलेला कागद आत पाठवायचा नाही म्हणून. ते वाचून मी तिथेच पायरीवर बसले.

मावशी, तू न भिजवता पाठवलाच का? कंद विषारी असतो हे मला कुणी कधी सांगितलं होतं? मी तिथून निघाले तेव्हा केवढी होते! मला वाटायचं तुम्ही तो नुसता धुता. एक ओळ तरी आधीच्या पत्रात लिहायची होतीस. आता शेरा शाळेला गेला, आहार विभागाला गेला, वनखात्याला गेला. तो मागे घेता येत नाही. मी साहेबांपुढे गेले तर म्हणाले, "नमुना विषारी होता की नव्हता?" होता.

भिंगरी


१३ डिसेंबर

भिंगरी,

मी का पाठवला? मी? तुझं पत्र माझ्यासमोर आहे. "काही म्हणजे काही करू नकोस." कुणाचं अक्षर आहे हे? शेजारणीचं?

अगं, कंद कच्चा खायचा नसतो हे सांगायची गोष्ट आहे का? विस्तवात हात घालू नये हे मी कुणाला पत्रानं कळवायचं का? आपल्याकडे रांगतं पोरही कच्च्या कंदाला हात लावत नाही. मला वाटलं, एवढी मोठी इमारत, एवढी माणसं, एवढी यंत्रं, त्यांना हे ठाऊक असेलच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि ती तुझ्यावर काढते आहे, हे मला कळतंय. पण काढणार.

आता इथे काय चाललंय ते ऐक. रानाच्या वाटेवर फळी लागली आहे, वर कवटीचं चित्र. कंद खणणं बंद. वनखात्याच्या माणसांनी ओढ्यात ठेवलेल्या टोपल्या काढून काठावर उलट्या केल्या. सगळे काप मातीत गेले. गप्पकाकू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यातला एकजण म्हणाला, "काकू, तुमच्याच भल्यासाठी आहे." आपल्या आईनं, आजीनं, तिच्या आजीनं जे खाऊन आपल्याला वाढवलं, ते विष, आणि हे आता आपलं भलं करायला आलेत.

परवा एक पोरगी मला विचारत होती, "मावशी, म्हणजे तू आम्हाला विष घालत होतीस का?" (इथे सगळी मुलं मला मावशीच म्हणतात.) मी पळीच आपटली.

काहीतरी कर. तू बिघडवलंस, तूच निस्तर. मीही बिघडवलं, ते मी मान्य करते, पण मला निस्तरता येत नाही.

मावशी


२७ डिसेंबर

मावशी,

ओरडलीस ते बरं केलंस. त्यामुळे मला हातपाय हलवायला सुचलं.

मी साहेबांच्या मागे लागले. रोज त्यांच्या दाराशी उभी राहिले. शेवटी ते वैतागून म्हणाले की फेरतपासणी होऊ शकते, तयार पदार्थ म्हणून. म्हणजे भिजवलेला, शिजवलेला कंद! आहार विभागाच्या तपासनीस बाई तुझ्याकडे येतील, सगळी कृती आपल्या डोळ्यांनी बघतील आणि नमुना सीलबंद करून आणतील. त्याच वेळी वसतिगृहात चवचाचणीही घेतील, मुलांना जेवायला वाढून.

एक अट आहे. ओरडू नकोस. ओढा चालणार नाही. उघडं पाणी आहे, वर गुरं पितात, असं त्यांचं म्हणणं. ते झाकणाची टाकी पाठवतील, त्यात शाळेच्या नळाचं पाणी भरायचं आणि कंद त्यात भिजवायचा. मी पुष्कळ भांडले. पण पाणी शेवटी पाणीच ना? तू वरचेवर बदलत राहा. जास्त दिवस ठेव. एकदा पास झाला, कागद हातात आला, की मग तू तुझ्या ओढ्याला मोकळी. कोण बघायला येणार आहे?

एवढं एकदा माझं ऐक. ही शेवटची संधी आहे, फेब्रुवारी लागला की पाकिटांचा करार पक्का होईल. तुझ्या चुलीसाठीच सांगते आहे ना मी?

भिंगरी


६ जानेवारी

भिंगरे,

टाकी आली. निळी आहे, झाकणाला कुलूप आहे. किल्ली हेडमास्तरांकडे. म्हणजे माझा कंद भिजला की नाही हे बघायला मी हेडमास्तरांच्या दारात जायचं आणि किल्ली मागायची.

पाणी शेवटी पाणीच असं तू लिहिलंस. ओढा वाहतो, म्हणून तो कडूपणा घेऊन पुढे जातो. टाकीतला कडूपणा जाऊन जाऊन जाणार कुठे? झाकणापर्यंत. पाणी बदलत राहा म्हणालीस. शाळेच्या नळाला पाणी येतं ते आंघोळीलाही पुरत नाही. मुलांच्या आंघोळी बंद करू की कंद धुऊ?

तपासनीस बाईंचा निरोप आलाय, त्या लवकर येणार आहेत, त्यांना पुढे दुसरीकडे जायचं आहे. माझ्या हिशेबानं तोवर कंदाचा कडूपणा उतरत नाही. हे मी हेडमास्तरांना सांगितलं, ते म्हणाले तारीख बदलता येत नाही. मग कंदाला सांगा तारीख.

पण ऐकते तुझं. तू साहेबाच्या दारात उभी राहिलीस ना रोज? लहानपणी खाऊसाठी माझ्या दारात उभी राहायचीस तशीच राहिली असशील, खालचा ओठ बाहेर काढून. त्या ओठासाठी ऐकते. आम्ही दोघी जावा वनखात्याचा खास परवाना घेऊन, त्यांचा माणूस बरोबर घेऊन, आपल्याच रानात कंद खणायला जाऊन आलो. परवान्यावर माझ्या नावापुढे "स्वयंपाकीण" लिहिलंय. शाळेत ती जागा आहे तोवर खरं आहे ते.

मावशी


२९ जानेवारी

भिंगरी,

मी तुझी गप्पकाकू. तुझी मावशी लिहू शकत नाही म्हणून मी लिहिते. मला लिहायची सवय नाही.

बाई आल्या. टाकी उघडली. मावशीनं काप जिभेला लावला आणि म्हणाली, उतरला नाही, अजून थांबा. बाई म्हणाल्या, रंग छान पांढरा आहे, शिजवा. मावशी म्हणाली, जीभ चुणचुणते. बाई म्हणाल्या, जिभेवर आम्हाला काही लिहिता येत नाही. नमुना घेतला, आणि बाकीचा मुलांना वाढायला सांगितला, चवचाचणीला.

मुलं हात धुऊन बसली होती. मावशीच्या तोंडाकडे बघत होती.

मावशी म्हणाली, जीभ चालत नसेल तर पोट घ्या लिहून. आणि खाल्ला. एक घास नाही. बाईंकडे बघत बघत ताटलीभर खाल्ला. मी हात धरला तर झटकला.

मग पडली. नाटक नव्हतं.

मी मुलांची ताटं उलटी केली. सगळी. एकाही मुलाच्या तोंडात गेला नाही, ते आधी सांगायला हवं होतं.

डॉक्टर दुसऱ्या गावाहून आला. उलट्या थांबल्या आहेत. तोंड सुजलं आहे, बोलता येत नाही. घरात आता दोन गप्प बायका आहेत.

बाईंनी लिहिलं की स्वयंपाकिणीच्या निष्काळजीपणानं विषबाधा झाली. स्वयंपाकघराला सील लावलं.

तुझ्यावर ती रागावलेली नाही. मी आहे.

काकू


१० फेब्रुवारी

भिंगरे,

कंडक्टरकडून तुझा निरोप मिळाला, येते म्हणून. अजिबात यायचं नाही. मी ठणठणीत आहे. तू इथे येऊन रडत बसणार आणि तुझे डोळे पुसायला माझा पदर पुरणार नाही.

गप्पकाकूनं काय काय लिहिलं मला ठाऊक नाही, दाखवलं नाही तिनं. दोन ओळींच्या वर लिहिलं असेल तर जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

मी मूर्खपणा केला असं तुला वाटत असेल. वाटू दे. मला त्या बाईचा एवढा संताप आला होता, की वाटलं हिच्या डोळ्यांसमोर काहीतरी असं घडू दे की हिला लिहावंच लागेल. तर तिनं लिहिलं, पण माझ्याविरुद्ध लिहिलं. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं बघ.

सील लागलंय. पाकिटांची गाडी सुरू झाली. दर वेळी उशिरा येते आणि आली की चालक म्हणतो, "घाट." घाट काय काल उगवला का?

पण एक गंमत सांगते. शाळेच्या कुंपणाबाहेर, ओढ्याच्या काठी, तीन दगड मांडलेत आम्ही. चोरून खणलेल्या कंदाच्या टोपल्या वरच्या अंगाला, फळीवाल्यांना दिसणार नाहीत अशा खळाळात दाबल्यात. मधल्या सुट्टीत मुलं कुंपणाच्या फटीतून येतात. हेडमास्तर तेवढ्या वेळात न चुकता खिडकीकडे पाठ करून बसतात. मी त्यांना परवा बसायला सांगितलं.

नोकरी नीट कर. माझी काळजी करू नकोस.

मावशी


२ मार्च

मावशी,

तुझं "ठणठणीत" वाचून मी घटकाभर विश्वास ठेवला. मग काकूचं पत्र परत वाचलं.

मला माझीच चीड येते. पाणी शेवटी पाणीच ना, असं मी लिहिलं. शाळेत मीठ पाण्यात किती विरघळतं आणि केव्हा विरघळायचं थांबतं हे शिकून मी पहिली आले होते. आणि तुला टाकीत कंद भिजवायला सांगितला. हे मला झोपू देत नाही.

म्हणून मी एक उद्योग केला. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग आमच्याकडे थंड खोलीत राखून ठेवतात आणि मुदत संपली की फेकतात. तुझे कंद फेकायला निघाले होते, ते मी मागून घेतले. काप पाडले. हात इतके खाजले की मी सुटी टाकली. राख कुठून आणायची? कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याकडून भट्टीतली आणली. मग लिंबांच्या जाळीच्या पिशवीत काप भरले आणि मी राहते त्या वसतिगृहाच्या मागच्या नळाखाली, धारेत, टांगून ठेवले. बायका भांडल्या. पाणी वाया घालवते म्हणून वसतिगृहाच्या मॅडमनी मला नोटीस दिली. मी म्हटलं, वाया नाही घालवत, वाहू देते आहे.

रोज एक काप जिभेच्या टोकाला लावायची. चुणचुण. परत धारेत. परत चुणचुण. आणि एका सकाळी काहीच नाही. नुसता थंड, थोडा गोडसर. मी नळाशीच बसून रडले.

शिजवून डबा प्रयोगशाळेत नेला. साहेबांच्या टेबलावर ठेवला. मी म्हटलं, आमच्यात पहिला घास उपसणारीचा असतो, आणि सगळ्यांसमोर खाल्ला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. कुणी "मेलीस का" विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं, नाही मेले. मग यंत्रात घातला. विषाचा अंशही नाही, मावशी! शून्य! साहेबांनी स्वतः दोनदा बघितलं.

आणि मग ते म्हणाले, "छान. पण हा नमुना कुठल्या आकड्याखाली नोंदवायचा?" मुदत संपलेला, फेकून दिलेला माल. शिवाय तो आमच्या नळाखाली भिजलेला, तुझ्या ओढ्याबद्दल त्यावरून काही म्हणता येत नाही. पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करा. कागद नाही, मावशी. सगळं सिद्ध झालं आणि कागद नाही. मी तो डबा तिथेच आपटणार होते. नाही आपटला, आत कंद होता.

मी अर्ज करणारच आहे. पुन्हा पुन्हा करणार आहे.

भिंगरी


१५ मार्च

भिंगरे,

बेकरीची राख! शिव शिव. त्यात लोणी असेल. तरी उतरला म्हणतेस? जाळीच्या पिशवीत, नळाखाली, शहरात? तुझं पत्र मी गप्पकाकूला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना ती उठून बाहेर गेली आणि बऱ्याच वेळानं आली. तुझ्यावरचा राग गेला म्हणायचा.

तुझ्या साहेबाच्या आकड्यांचं मला आता काही वाटेनासं झालंय. तू अर्ज कर, जरूर कर. पण मला तुझ्याशी दुसरंच बोलायचं आहे, आणि ते मी आधीच्या पत्रात मुद्दाम लिहिलं नाही.

त्या टाकीच्या कंदानं आलेली सूज उतरली, बोलणं आलं, ताकद आली. जीभ आली नाही. मला काही लागत नाही गं. मीठ नाही, तिखट नाही. राख चोळलेला काप तोंडात धरला काय आणि माती धरली काय, सारखंच. डॉक्टर म्हणतो येईल हळूहळू. त्याच्या तोंडावरून मला कळलं की त्यालाही ठाऊक नाही.

मी कुणाला बोलले नाही. ओढ्याकाठी टोपली उपसली, पहिला घास खाल्ला, आणि मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसलेली. मी मान डोलावली. भिंगरे, मी नुसती मान डोलावली. बोटानं दाबून बघितला होता, मऊ होता, भरपूर भिजलाही होता, म्हणून निभावलं. कुणाला काही झालं नाही. पण त्या बाईनं रंग बघून वाढा म्हटलं, आणि मी बोट बघून वाढलं. काय फरक राहिला तिच्यात आणि माझ्यात?

काल टोपली उपसली आणि घास हातात धरून बसून राहिले. एका पोरानं विचारलं, "मावशी, खा ना." मला नाही खाता आला. टोपली परत पाण्यात सोडली आणि मुलांना म्हटलं, आज पाकीटच खा. ती फटीतून परत गेली. जाताना तीच ती पोरगी मागे वळून म्हणाली, "म्हणजे विषच होतं का?"

गप्पकाकू पहिला घास घेऊ शकत नाही. तिची जीभ तंबाखूनं केव्हाच मारून टाकली आहे, म्हणून तर ती टोपली कधी उपसत नाही, नुसती वाहते. बाकीच्या बायका आता कवटीची फळी बघून घाबरतात. कच्चा कंद जिभेला लावून, चुणचुण सोसून, थांबून, मग गोड लागेपर्यंत वाट बघितलेली आमच्याखेरीज एकच बाई आहे. ती शहरात नळाखाली बसून रडते.

तुझी नोकरी सोड असं मी म्हणत नाही. म्हणायचा मला अधिकार नाही. सुटी काढ, आजारपण दाखव, काय ते तुझं तू बघ. टोपल्या ओढ्यात आहेत, फार दिवस राहिल्या तर कुजतील. मुलं रोज मधल्या सुट्टीत फटीपाशी येऊन बघून जातात.

मी तुला येऊ नकोस म्हटलं होतं. ये. येताना कागद नको, राख नको, माझ्यासाठी काही खायला तर मुळीच आणू नकोस, मला कळणार नाही. तुझी जीभ तेवढी घेऊन ये.

मावशी